आईच्या खोलीची भिंत

आमच्या घरात भिंती कमी आणि काचा फार. बाबांनी ते आधी कागदावर काढलं आणि मग उभं केलं, तेव्हा आजूबाजूच्यांना ते घर वाटतच नसे. कुणी त्याला दवाखाना म्हणे, कुणी पाण्याची टाकी. बाहेरून गिलावा नाही, रंग नाही. काँक्रीट ओतताना ज्या फळ्या लावल्या होत्या त्यांच्या रेषा आणि गाठी तशाच ठेवलेल्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजीने मला फार प्रेमाने विचारलं होतं, "तुमचं घर पुरं कधी होणार गं?"

आता तेच घर बघायला लोक लांबून येतात. फाटकाशी उभे राहून फोटो काढतात. एक मुलगा तर काँक्रीटला गाल लावून डोळे मिटून उभा होता. दादा खिडकीतून म्हणाला, "चिमे, बघ, घराला ताप आहे का बघतोय." दादा माझा मोठा भाऊ. चिमी मी. ऐंशी ओलांडली तरी त्याच्या लेखी चिमीच.

घर पुस्तकांतही आहे. बाबांचं नाव, बांधल्याचं साल, आणि खाली आतला नकाशा. त्या नकाशात दिवाणखाना ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग दाखवलेला आहे. वर पालथ्या होडीसारखं लांबच लांब कमानदार छत, खाली मोझेकची फरशी, एका बाजूला सगळी काच. मध्ये कुठे आडकाठी नाही. बाबा व्याख्यानांतून सांगायचे, की घर म्हणजे एकच मोठी खोली असावी, माणसांनी एकमेकांना दिसत राहावं.

प्रत्यक्षात त्या लांब दिवाणखान्याच्या पूर्वेच्या टोकाला एक भिंत आहे. भिंतीला दार आहे. दाराच्या आत आईची खोली. पुस्तकातल्या नकाशात ही खोली नाही. आणि मी, यजमान गेल्यावर माहेरी परत आले तेव्हापासून, त्या नकाशात नसलेल्या खोलीत झोपते.

घराचं पुढे काय, हा प्रश्न आम्हा दोघांना बरीच वर्षं छळत होता. छताच्या कडांतून सळया गंजून फुगल्या होत्या, लोखंडी खिडक्या लागत नव्हत्या, आणि आमच्या मागे ते सांभाळील असं कुणी नव्हतं. शेवटी जुन्या इमारती जतन करणाऱ्या एका मंडळाच्या हवाली घर करायचं ठरलं. आम्ही दोघं असेपर्यंत आम्ही राहायचं, नंतर घर लोकांना बघायला खुलं. मंडळ पुढच्या पन्नास-शंभर वर्षांचा विचार करून डागडुजी करणार. मंडळाचा नियम साधा होता. बाबांच्या हातचं जे असेल ते राहील, नंतर कुणी घुसवलेलं जे असेल ते काढलं जाईल.

मंडळाचे सचिव पहिल्यांदा आले तेव्हा नकाशा हातात धरून चालत होते आणि चालता चालता त्या भिंतीशी येऊन थांबले.

"ही इथे कशी?" त्यांनी विचारलं.

मला तर तेवढंच हवं होतं. मी चहाचा कप खाली ठेवून गोष्ट सांगितली. आई मला अनेकदा सांगायची तीच. बाबा कामासाठी परगावी गेले होते आणि आईने गवंड्याला बोलावून भिंत घालून घेतली. बाबा परत आले, भिंतीकडे बघितलं, आणि जेवायला बसले. एक शब्द बोलले नाहीत. मला ते गवंडी आठवत होते, ओल्या चुन्या-सिमेंटचा वास आठवत होता, पायावर पडलेला गारेगार चिखल आठवत होता. मी सहा-सात वर्षांची असेन.

सचिवांनी फार लक्ष देऊन ऐकलं. "छान आठवण आहे," ते म्हणाले, आणि हातातल्या नकाशावर पेन्सिलीने एक फुली मारली. "म्हणजे ही नंतरची."

ते गेल्यावर दादा म्हणाला, "झालं. पाडलीस भिंत."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. आईने केलं म्हणून जी भिंत मला जपायची होती, ती आईने केली म्हणूनच जाणार होती.

"पण ती गोष्ट खरी नाहीच मुळी," दादा म्हणाला. "भिंत पहिल्यापासून होती. मला आठवते."

"तुला काय आठवणार? तू हॉस्टेलवर होतास."

"हॉस्टेलवर जायच्या आधीची आठवते."

"मग मघाशी का नाही बोललास?"

"तू बोलत होतीस," दादा म्हणाला. "तू बोलत असताना मी कधी बोललोय?"

हे खरं नव्हतं, पण वाद घालण्यात अर्थ नव्हता. दादाला एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने सोयीचं तेवढंच येतं. आमच्याकडे साधं "मीठ दे" म्हणायचं तरी आवाज चढवावा लागतो. शेजारच्यांना वाटतं आम्ही सारखे भांडतो.

मी त्या दिवशी खोलीत जाऊन भिंतीकडे बघत बसले. घरात जे दिसतं ते सगळं बाबांचं. खुर्च्या बाबांनी काढलेल्या, दिवे बाबांनी काढलेले, दाराच्या मुठीसुद्धा. आईचं म्हणावं असं त्या घरात एवढंच होतं. माझं म्हणावं असंही एवढंच होतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई आल्या. नाव दादाने ठेवलेलं. मंडळाने घराची तपासणी करायला पाठवलेल्या त्या तज्ज्ञ बाई. मला मुलगी असती तर तिच्या वयाच्या, केस कापलेले, गुडघ्यांवर चामड्याच्या गाद्या बांधून यायच्या. आल्या की बोलण्याआधी एक लहान हातोडी काढायच्या आणि काँक्रीटवर टकटक करून कान लावायच्या. भरीव आवाज आला की पुढे, पोकळ आला की खडूने गोल.

"खोकला आहे का?" दादाने विचारलं.

"थोडा कफ आहे, काका," त्या म्हणाल्या. "पण छाती चांगली आहे."

तेव्हापासून दादाचं आणि त्यांचं जमलं.

मला त्यांच्या कामाचं वेड लागलं. मी स्टूल घेऊन त्यांच्या मागे मागे फिरायचे. काँक्रीटला एक लहानसं भोक पाडून त्या त्यात कसलं तरी पाणी फवारायच्या, आणि बघता बघता आतलं काँक्रीट गुलाबी व्हायचं. जिथे गुलाबी होईल तिथे ते अजून निरोगी, आतल्या सळया सुरक्षित. जिथे रंग येणार नाही तिथे ते थकलं. पश्चिमेची भिंत अशी काही गुलाबी झाली की मला आपलंच कुणी तरी पास झाल्यासारखं वाटलं. दादाने आपला तळवा पुढे केला, "इथे मारा जरा."

"तुझ्यावर वाया जाईल," मी म्हणाले.

आईच्या भिंतीशी त्या आल्या तेव्हा मात्र मी स्टूल जवळ ओढलं नाही. दारात उभी राहिले.

आधी त्यांनी रंग खरवडला. एका पातळ पात्याने, भिंग लावून, एकाखाली एक असे लहान लहान चौकोन. पहिल्या चौकोनात आजचा पांढरा, दुसऱ्यात त्याच्या आधीचा, असं करत खाली विटेपर्यंत. रंगांची शिडीच तयार झाली. मी एकेक पायरी ओळखत गेले. हा पिवळसर माझ्या लग्नाच्या वेळचा. हा निळा दादाच्या लग्नाचा, वहिनीला आवडायचा म्हणून. त्याच्या खाली शेवाळी हिरवा, तो माझ्या लहानपणाचा. त्या रंगावर मी खिळ्याने मांजर काढलं होतं. आणि त्या हिरव्याच्या खाली, अगदी तळाला, एक फिकट राखाडी.

"हा नाही मला माहीत," मी म्हणाले.

"बाकी घरात सगळीकडे हाच पहिला थर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.  मग त्यांनी भिंतीच्या तळाला बारीक भोक पाडलं आणि आत एक नळी सरकवली. नळीच्या टोकाला कॅमेरा, हातात पडदा. पोट तपासतात तसंच.

"मावशी, इकडे या. भिंत जर नंतर आली असती तर तिच्याखाली मोझेक सापडलं असतं. फरशी आधी, भिंत नंतर. बरोबर?"

"बरोबर."

"मोझेक नाही. खाली नुसता सिमेंटचा कोबा आहे. फरशी भिंतीपर्यंत येऊन थांबली आहे. म्हणजे भिंत आधी."

दिवाणखान्यातून दादा ओरडला, "काय म्हणतात?"

"भिंत पहिल्यापासूनची आहे म्हणतात," मी ओरडले.

"मग मी काय सांगत होतो?"

मला आनंद व्हायला हवा होता. भिंत वाचली होती. पण मी भिंतीला हात लावून उभी राहिले आणि मला एवढंच कळेना, की मग ते गवंडी कोण होते. चिखल माझ्या पायावर पडला होता. मी तो काही स्वप्नात बघितला नव्हता.

मी तसं म्हटलं. दुसरी कुणी असती तर म्हातारीची समजूत घातली असती. डॉक्टरीणबाईंनी शिडी मागवली.

वर, कमानीच्या जवळ, त्यांनी पुन्हा चौकोन खरवडले. पांढरा, पिवळसर, निळा, हिरवा. आणि हिरव्याखाली थेट गिलावा. राखाडी नव्हताच. त्या पात्याने हळूहळू खाली खरवडत आल्या, आणि माझ्या डोक्याच्या जरा वर, एका जागी राखाडी सुरू झाला. एक सरळ आडवी रेघ. रेघेच्या खाली जुनी भिंत, वर नवी.

"खालचा भाग पहिल्यापासूनचा," त्या म्हणाल्या. "माणसाच्या उंचीएवढा. वर छतापर्यंत मोकळं होतं, म्हणून नकाशात तिला भिंत धरली नसावी. ते नंतर कुणी तरी बुजवलंय. तुमचे गवंडी, मावशी."

दादा तोवर काठी टेकत आत आला होता. त्याने मान वर करून त्या रेघेकडे बघितलं.

"मग, वरून उघडीच होती की," तो म्हणाला. "मी त्यावरून उश्या फेकायचो. आई आत झोपलेली असायची, मी बाहेरून उशी फेकायचो."

मी त्याच्यावर तडकलेच. "आणि हे तू इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

"विचारलं कुणी? भिंत होती का विचारलंस, होती म्हणालो. केवढी होती, कधी विचारलंस?" मग म्हणाला, "हॉस्टेलवरून आलो तर बंद. मला वाटायचं, माझ्या उश्यांमुळे केली."

आता पेच असा झाला, की खालची भिंत बाबांची, ती राहणार. वरची नंतरची, ती मंडळाच्या नियमाने जाणार. अर्ध्या भिंतीची खोली म्हणजे दुकानातलं कपडे बदलायचं खोपटं. मी डॉक्टरीणबाईंना स्पष्टच विचारलं, "वरचं पाडाल?"

"मी काहीच पाडत नाही. मी फक्त काय आहे ते सांगते," त्या म्हणाल्या. "पण आधी ते नीट बघू तर द्या."

वरचा भाग कसल्या विटांचा, कसल्या सिमेंटचा, हे बघायला त्यांनी मधोमध काही विटा सोडवल्या. अलगद, दात काढावा तशा. प्रत्येकीवर खडूने खूण केली आणि कागदात गुंडाळून ठेवली. भिंतीला उशी जाईल एवढं भोक पडलं.

दुपारी मी नेहमीसारखी पडले होते. दिवाणखान्याच्या त्या टोकाला, बाबांच्या टेबलाशी, दादा आणि डॉक्टरीणबाई चहा पीत होते. एवढ्या लांबचं एरवी मला काय ऐकू येणार? पण दादाचा आवाज माझ्या उशीशी बसून बोलावं तसा आला. आणि तो ओरडून बोलत नव्हता. तो हळू बोलत होता. दादाला हळू बोलता येतं हे मी विसरलेच होते.

"राहू द्या हो ती भिंत," तो म्हणत होता. "पुस्तकात असो नाहीतर नसो. ती परत आली ना, मेहुणे गेल्यावर, तेव्हा महिनाभर त्या खोलीत दार लावून बसली होती. मी बाहेर ताट ठेवायचो. ह्या घरात दार लावून बसायला दुसरी जागा नाही. सगळीकडे नुसत्या काचा. माणसाने रडायचं कुठे?"

 मी छताकडे बघत म्हणाले, "महिना नाही. आठवडाभरच."

तिकडे कप बशीवर आपटला. "कोण बोललं?"

"मी."

"कुठून?"

"पलंगावरून. आडवी आहे मी."

 मग दादा त्याच हळू आवाजात म्हणाला, "चिमे, ह्या कानाने ऐकू येतंय गं मला."

त्यानंतर आम्ही तिघांनी त्या दुपारी जो पोरकटपणा केला तो मंडळाने बघितला असता तर घर परत दिलं असतं. डॉक्टरीणबाई दिवाणखानाभर हिंडून कुजबुजत होत्या आणि मी पलंगावरून ओरडून सांगत होते, ऐकू आलं, नाही आलं. मध्यावर उभं राहिलं तर काही नाही. काचेशी काही नाही. बाबांच्या खुर्चीत बसलं की पान उलटल्याचंही ऐकू येतं. मग उलटं करून बघितलं. मी पलंगावर बसून नुसती "हुश्श" म्हणाले, आणि बाबांच्या खुर्चीतून दादा म्हणाला, "गुडघा का?"

"छत कमानदार आहे," डॉक्टरीणबाई घामाघूम होऊन म्हणाल्या. "आवाज वर जातो, कमानीवरून सरकत जातो आणि त्या टोकाला उतरतो. ह्या टोकाचं त्या टोकाला, त्या टोकाचं ह्या टोकाला. सारखंच."

मी उठून बसले. आईचा पलंग इथेच असायचा, पाय ह्याच बाजूला. बाबा गिऱ्हाइकांशी, मित्रांशी, सहकाऱ्यांशी त्याच खुर्चीतून बोलत. ती वर्षानुवर्षं सगळं ऐकत होती. कुणाचं घर मोडकळीला आलं, कुणाचे पैसे अडकले, आणि बाबा घराबद्दल काय काय म्हणतात. त्यातलं काही तिच्याबद्दलही असेल. तिला ते नको झालं असणार. म्हणून तिने गवंडी बोलावले. मला माझी गोष्ट परत सापडली.

"आणि बाबांना काय ऐकू जात होतं?" दादा म्हणाला.

"काय?"

"अगं, आई पुटपुटायची ना. आठवत नाही? घड्या घालताना, शिवताना. सारखं बाबांना बोलायची. 'खिडक्या एवढ्या आणि पडदा लावायचा नाही म्हणे. स्वतः पुसा एकदा.' बाबांना वाटत असेल, कुणाला ऐकू जात नाही. म्हणजे आईला वाटत असेल. आणि बाबा इथे बसून सगळं ऐकतायत."

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले, पण माझी गोष्ट पुन्हा हातून निसटली. बाबांनाही ते नको झालं असेल. कदाचित त्यांनीच बुजवलं असेल.

कुणी बुजवलं हे डॉक्टरीणबाईंनाही जाणून घ्यायचं होतं, कारण आता सगळं त्यावर अडलं होतं. त्या दोन दिवस शिडीवर बसून होत्या. भिंत जिथे छताला टेकते तिथे त्यांनी जुना रंग काढला, आणि तिथे एक बोटभर रुंदीची खोबण निघाली. रंगाऱ्यांच्या लांबीने आणि रंगाच्या थरांनी ती भरून गेली होती म्हणून कुणाला दिसली नव्हती. बाबांची ही एक लकब. भिंत छताला ते कधी भिडू द्यायचे नाहीत; मध्ये एक बारीक काळी सावली सोडायचे, म्हणजे छत तरंगल्यासारखं दिसतं. घरात सगळीकडे ती आहे. ह्या वरच्या भागातही होती, आणि तीही कमानीच्या गोलाईने, न चुकता वळत गेलेली. आत धातूची पट्टी बसवलेली. ती पट्टी बाजारात मिळत नसे. बाबा ती कारखान्यातून मुद्दाम करून आणायचे आणि उरलेली आपल्या कपाटात कुलपात ठेवायचे.

"मग हे त्यांचंच काम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गवंडी स्वतःहून हे करणार नाही."

"कपाटाची किल्ली कुणाकडे असायची?" मी दादाला विचारलं.

"किल्ल्या सगळ्या आईकडे. बाबा आपलं कपाट उघडायलासुद्धा तिच्याकडे मागायचे."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे. "हे मला सांगितलं नसतंत तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. पण त्यांनी ते नोंदवलं. त्या तशाच होत्या.

मंडळाची बैठक आमच्याच दिवाणखान्यात झाली. डॉक्टरीणबाईंनी भिंत जे जे बोलली ते सगळं सांगितलं. कोबा, राखाडी थर, खोबण, पट्टी, आणि किल्ल्यासुद्धा. सचिव चष्मा काढून पुसत होते.

"पण बाई," ते मला म्हणाले, "भिंत आईंनी घातली असं तुम्हीच सांगितलंत. बाबा घरी नव्हते असंही म्हणालात."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी "माझं चुकलं, बाबाच घरी होते" एवढं म्हटलं असतं तर भिंत तिथल्या तिथे वाचली असती. दादा तर डोळ्यांनी मला ढोसतच होता. पण मग आई त्या भिंतीतून कायमची पुसली गेली असती, आणि तीही माझ्याच तोंडून.

"आईने जे सांगितलं ते मी सांगितलं," मी म्हणाले. "भिंत जे सांगते ते ह्या बाईंनी सांगितलं. बाबा घरी होते की नव्हते, मला ठाऊक नाही. पण पट्टी बाबांची, किल्ली आईची. आता ह्यातलं अर्धं कुठून पाडायचं, ते तुम्ही दाखवा."

सचिवांनी चष्मा परत घातला. उठून भिंतीजवळ गेले, मान वर करून ती खोबण बघत राहिले. छत त्या भिंतीवरून खरंच तरंगत होतं. "हे पाडलं तर ही वळलेली खोबणही जाईल," ते म्हणाले, आणि ते आम्हाला नाही, स्वतःलाच म्हणाले. भिंत जशीच्या तशी ठेवायचं ठरलं. नकाशावरची फुली त्यांनी खोडरबराने पुसली. पूर्ण गेली नाही, पण पुसली.

भोक मात्र लगेच बुजवता येणार नव्हतं. जुन्या सिमेंटशी जुळेल असं मिश्रण तयार करायचं, त्याचे नमुने वाळवायचे, मग काम. "तोवर चालेल ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आम्ही दोघंही एकदमच म्हणालो, "चालेल की."

सुरुवातीचे दिवस फार छान गेले. दादा बाबांच्या खुर्चीत बसायचा, मी पलंगावर, आणि आम्ही बोलायचो. आवाज न चढवता. किती तरी वर्षांनी. वहिनीबद्दल बोललो, माझ्या यजमानांबद्दल बोललो, हॉस्टेलवर त्याला पहिल्या महिन्यात किती रडू आलं ते त्याने पहिल्यांदा सांगितलं. ओरडून सांगता येत नाहीत अशाच ह्या गोष्टी.

मग मला त्याचं खाकरणं ऐकू येऊ लागलं. पेपर वाचताना तो प्रत्येक बातमीवर "हं" म्हणतो, ते ऐकू येऊ लागलं. मी दुपारी पडले की त्याच्या घोरण्यावर माझा श्वास चालू लागला. एकदा तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "ती आहे ना, तिची तब्येत आता…" आणि पुढे माझ्या तब्येतीचं जे वर्णन केलं ते मला मान्य नव्हतं. आणि मी? मी उठता बसता "आई गं" म्हणते, आणि प्रत्येक वेळी तिकडून प्रश्न येतो, "काय झालं?" काही झालेलं नसतं. माणसाला नुसतं कण्हावंसं वाटतं. हळूहळू मी तोंडावर पदर धरून कण्हायला लागले. एके दुपारी मला माझे यजमान आठवले आणि रडू आलं, आणि मी ते गिळलं. त्यांच्याच आठवणीने मी पूर्वी त्या खोलीत आठवडाभर मनसोक्त रडले होते.

पण दादाला हे सांगायचं कसं? तो बिचारा इतका खूश होता. त्याचा कान त्याला परत मिळाल्यासारखं झालं होतं.

नमुने वाळले तशा डॉक्टरीणबाई आल्या. मी त्यांना खोलीत नेलं, दार लावून घेतलं.

"बाई, भोक बुजवायचं ना आता?"

"तुम्ही म्हणाल तसं. ठेवायचं असेल तर मंडळाला विचारून बघते. एक लहान झडप—"

"नको. बुजवा. लवकर बुजवा. फक्त मी सांगितलं असं दादाला कळू देऊ नका. त्याला वाईट वाटेल."

डॉक्टरीणबाई हसायला लागल्या. हसता हसता पलंगाच्या कडेवर बसल्या.

"काका सकाळीच फाटकाशी गाठून गेले मला," त्या म्हणाल्या. "अगदी हेच म्हणाले. म्हणे, पहाटेपासून तिची बडबड चालू असते. म्हणे, लवकर बुजवा, पण चिमीला सांगू नका, तिला वाईट वाटेल."

मला बडबड ह्या शब्दाचा राग आला, आणि मग हसू आलं, आणि मग एकाएकी मला आई आणि बाबा त्या गवंड्यासमोर दिसले. दोघं वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दारांनी आलेले.

डॉक्टरीणबाईंनी कागद गुडघ्यावर घेतला. "अहवालात एक रकाना अजून रिकामा आहे," त्या म्हणाल्या. "वरचा भाग कोणाच्या सांगण्यावरून बांधला. मी 'माहीत नाही' लिहिणार होते."

"लिहा, घरात राहणाऱ्यांनी सांगितलं म्हणून."

त्यांनी तसंच लिहिलं. मी उठायला लागले आणि गुडघ्याने दगा दिला. "आई गं," मी म्हणाले.

"काय झालं?" भिंतीवरून आवाज आला.

आम्ही दोघींनी एकदमच वरच्या भोकाकडे बघितलं.

"काही नाही रे," मी म्हणाले. "आम्ही सिमेंटचं बोलतोय."

"ऐकतोय मी," दादा म्हणाला. "सगळं ऐकतोय. आता त्या गवंड्याला बोलवा आधी."